यमुनेच्या खादरातून एक दिवस

नदीची ओळख करून घ्यावयाची तर तिच्या काठाने गेले पाहिजे, हे सर्वांनाच मान्य होईल. परंतु कोणत्या वेगाने जावे, याचा विचार क्वचितच केला जातो. दिल्लीत यमुना ओलांडणारा बहुतेक प्रवासी ती मोटारीतून किंवा आगगाडीतून ओलांडतो. पूल संपावयास एक-दोन मिनिटे लागतात आणि तेवढ्यात दिसते ती काळसर पाण्याची एक पट्टी. तीच नदी अशी त्याची समजूत होऊन बसते. पायी जाणाऱ्याला पुष्कळ दिसते, पण एका दिवसात तो फार दूर जाऊ शकत नाही. या दोहोंच्या मधला वेग सायकलचा आहे. सायकलस्वार वाटेल तेथे थांबू शकतो, शेताच्या बांधावरून सायकल हाताने ढकलीत नेऊ शकतो आणि तरीही संध्याकाळपर्यंत नदीचा शहरातील सारा प्रवास पाहून होतो.

नदी, कालवा किंवा जुना लोहमार्ग यांच्या कडेने झाडी राखून तयार केलेल्या आणि पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी राखून ठेवलेल्या वाटेला हरितमार्ग असे म्हणतात. दिल्लीतील यमुनेच्या काठी असा मार्ग सलग नाही. तो तुकड्यातुकड्यांनी अस्तित्वात आला आहे; मधले अंतर बंधाऱ्यावरील रस्त्यांनी, शेतवाटांनी आणि काही ठिकाणी भर रहदारीतून कापावे लागते. सहलीच्या दृष्टीने ही उणीव खरी. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र तिचा लाभच होतो. राखलेली जमीन, कसलेली जमीन आणि बांधलेली जमीन या तिन्ही एकाच दिवसात एकापाठोपाठ पाहावयास मिळतात.

खादर आणि बांगर

निघण्यापूर्वी दोन शब्द समजून घेणे आवश्यक आहे. उत्तर भारताच्या मैदानात नदीकाठच्या जमिनीचे दोन भाग मानले जातात. पुराचे पाणी जेथे पोहोचते आणि दर काही वर्षांनी नवा गाळ पसरून जाते, त्या सखल भागाला खादर म्हणतात. पुराच्या आवाक्याबाहेर राहिलेल्या, जुन्या गाळाच्या उंच जमिनीला बांगर म्हणतात. महाराष्ट्रातील नद्या बहुतेक ठिकाणी खडकात खोल कोरलेल्या आहेत. त्यांचे पात्र कोठे संपते ते डोळ्यांना स्पष्ट दिसते. यमुनेचे तसे नाही. मैदानातील ही नदी आपल्याच गाळावरून वाहते, आज येथे तर काही दशकांनी तेथे, अशी कूस बदलते, आणि पावसाळ्यात मैलभर रुंद होते. म्हणून हिवाळ्यातील पाण्याची रेघ म्हणजे यमुना नव्हे. खादरासह जी रुंदी होते तिला यमुना म्हणावयाचे. दिल्लीच्या विकास आराखड्यात हा पट्टा स्वतंत्र विभाग म्हणून दाखविला असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९,७०० हेक्टर आहे.

हा भेद मनात पक्का ठरला की दिवसभर जे जे दिसेल त्याला एकच प्रश्न विचारता येतो : ही वस्तू नदीच्या जागेत आहे काय, आणि असेल तर पाणी आल्यावर तिचे काय होईल?

ऋतू आणि तयारी

या सहलीसाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्चचा पूर्वार्ध हा काळ सर्वांत चांगला. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत धुके आणि धूर यांमुळे सकाळी श्वास घेणेही जड जाते. एप्रिलनंतर उन्हाचा ताप वाढतो. जुलै ते सप्टेंबर हे महिने नदीचे स्वतःचे होत. प्रदेश सपाट असल्यामुळे साधी सायकल पुरते. मात्र काठावर वेड्या बाभळीचे रान माजलेले असल्याने काटे फार. हवा भरण्याचा पंप आणि पंक्चर काढण्याचे साहित्य जवळ असावे. पिण्याचे पाणी, डबा, टोपी आणि एक वही एवढे सामान पुष्कळ झाले. वझिराबादपासून ओखल्यापर्यंत नदीची लांबी २२ किलोमीटर आहे. वळणावळणाच्या वाटेने ते अंतर पंचवीस-तीस किलोमीटर भरते. ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने पायडल मारण्याचे काम तीन तासांत आटोपते. उरलेला दिवस थांबण्यासाठी आहे.

वझिराबाद : जेथे नदी अडते

सहलीचा आरंभ वझिराबादच्या बंधाऱ्यापाशी करावा. १९५९ साली बांधलेल्या या बंधाऱ्याने अडविलेले पाणी शुद्ध करून दिल्लीच्या नळांना पुरविले जाते. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला सकाळच्या उन्हात दिसणारे पाणी रुंद, शांत आणि बऱ्यापैकी निर्मळ असते. त्या बाजूला जगतपूर गावाजवळ यमुना जैवविविधता उद्यान आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञांच्या साह्याने उभारलेल्या या उद्यानात खादरातील जुनी तळी, गवताळ राने आणि नदीकाठची झाडी पुन्हा निर्माण करण्याचा प्रयत्न झाला आहे. मनुष्याने हात लावण्यापूर्वी हा काठ कसा असावा याची थोडीबहुत कल्पना तेथे येते.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला आले की दृश्य एकदम पालटते. कोरड्या महिन्यांत बंधाऱ्यातून पुढे फारच थोडे पाणी सोडले जाते आणि लगेचच नजफगढचा नाला येऊन मिळतो. आज ज्याला नाला म्हणतात तो एके काळी राजस्थानातील अरवलीच्या डोंगरांतून येणाऱ्या साहिबी नदीचा प्रवाह होता. शहराने त्याला सांडपाण्याचा मार्ग करून टाकले. येथपासून ओखल्यापर्यंत हिवाळ्यात व उन्हाळ्यात जे वाहते त्यात नदीचे पाणी थोडे आणि नाल्यांचे पाणी अधिक असते. यमुनेची एकूण लांबी १,३७६ किलोमीटर. तीपैकी वझिराबाद ते ओखला हा भाग दोन टक्क्यांहूनही कमी. परंतु नदीत मिसळणाऱ्या एकूण घाणीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश घाण याच टप्प्यात मिसळते. सायकलस्वाराला हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. बंधाऱ्याच्या दोन बाजूंना पाच-पाच मिनिटे उभे राहिले म्हणजे नाकाला आणि डोळ्यांना ते कळतात.

बुराडीचा घाट

वझिराबादच्या थोडे उत्तरेला बुराडी आहे. मराठी वाचकाला हे नाव वेगळ्या संदर्भात परिचित आहे. १० जानेवारी १७६० रोजी याच घाटावर दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडले. त्या प्रसंगाचे वर्णन करताना दत्ताजींच्या शौर्याचा आणि त्यांच्या तोंडी असलेल्या उत्तराचा उल्लेख होतो व तो योग्यच आहे. पण नदीच्या अभ्यासकाने त्या तारखेकडेही लक्ष द्यावे. जानेवारीत यमुनेला पाणी कमी असते. एकाच पात्राचे अनेक फाटे होतात, मध्ये वाळूची बेटे उघडी पडतात आणि त्यांवर माणूस झाकला जाईल एवढे उंच गवत माजते. अशा गवताच्या आडोशाने, उताराच्या ठिकाणी नदी ओलांडून अफगाण व रोहिले अलीकडे आले. नदी अडथळा म्हणून राहिलीच नव्हती.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात नदीने उलट रूप दाखविले. ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा यमुना दुथडी भरून वाहत होती. पश्चिम तीरावर मराठे आणि पूर्व तीरावर अब्दाली असे दोन्ही पक्ष आठवडेच्या आठवडे एकमेकांसमोर अडकून पडले. ऑक्टोबरच्या अखेरीस, पाणी उतरू लागल्यावर, अब्दालीने बागपतजवळ नदी ओलांडली आणि पुढे १४ जानेवारी १७६१ चे पानिपत घडले. एकाच वर्षात एकच नदी एकदा वाटेसारखी आणि एकदा तटासारखी वागली. खादराचा हा स्वभाव आहे. तो ज्याला कळला नाही, त्याला आपण नदीपासून सुरक्षित अंतरावर आहोत असे हिवाळ्यात सदैव वाटत राहते.

घाट, पूल आणि मोजपट्टी

वझिराबादहून दक्षिणेकडे पश्चिम तीराने निघावे. मजनू का टीला येथील वस्तीत न्याहारी होऊ शकते. पुढे निगमबोध घाट आणि यमुना बाजाराचे घाट लागतात. हिवाळ्यात येथे कुरव पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरतात. होडीत बसलेले लोक त्यांना शेव-फरसाण टाकतात आणि पक्षी ओरडत पाण्यावर झेपावतात. दूर उत्तरेकडून आलेल्या या पाहुण्यांना हे खाणे हितकारक नाही. पण घाटावरील नावाड्यांची हिवाळ्यातील मिळकत बरीचशी त्यावर अवलंबून असते.

घाटाच्या पुढे जुना लोखंडी पूल दिसू लागतो. १८६६ साली पूर्ण झालेल्या या दुमजली पुलाची रचना वरून रेल्वे व खालून इतर वाहतूक अशी आहे. पुलाइतकेच येथील पाण्याच्या मोजपट्टीलाही महत्त्व आहे. दिल्लीतील यमुनेची पातळी येथे मोजली जाते, समुद्रसपाटीपासून २०५.३३ मीटर ही धोक्याची पातळी होय. सप्टेंबर १९७८ च्या महापुरात पाणी २०७.४९ मीटरपर्यंत चढले होते आणि पंचेचाळीस वर्षे तोच उच्चांक होता. १३ जुलै २०२३ रोजी तो मोडला. त्या दिवशी पाणी २०८.६६ मीटरवर गेले. सप्टेंबर २०२५ मध्येही पातळीने पुन्हा २०७ मीटरची मर्यादा ओलांडली.

हे आकडे वहीत उतरून घ्यावेत, कारण यांच्यात या साऱ्या सहलीचा गाभा आहे. दिल्लीला येणारा पूर हरियाणातील हथिनीकुंडच्या बंधाऱ्यावरून मोजला जातो. तेथून सुटलेले पाणी दिल्लीस पोहोचावयास दोन-तीन दिवस लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये हथिनीकुंडवरून सर्वाधिक विसर्ग सुमारे ८ लाख २८ हजार क्युसेक, म्हणजे दर सेकंदाला तितके घनफूट, इतका झाला. त्या वेळी दिल्लीत पाणी २०६.६० मीटरपर्यंत चढले. जुलै २०२३ मध्ये सर्वाधिक विसर्ग सुमारे ३ लाख ५९ हजार क्युसेक होता, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आणि तरी पाणी दोन मीटरहून अधिक उंच गेले. असे का व्हावे? तज्ज्ञांनी अनेक कारणे सांगितली. पाणी अधिक काळ सोडले जात होते. दिल्लीत व आसपास त्याच दिवसांत अतिवृष्टी झाली. आयटीओजवळील बंधाऱ्याचे काही दरवाजे गाळाने रुतून उघडले नाहीत. या तात्कालिक कारणांच्या मागे एक जुने कारण आहे. बंधारे, पुलांचे खांब, भराव आणि साचलेला गाळ यांनी नदीची जागा अरुंद झाली आहे. पसरावयास जागा नसलेले पाणी वर चढते. हे समजावयास शास्त्राची पदवी लागत नाही. घंगाळातील पाणी तांब्यात ओतून पाहावे.

पुलाच्या दक्षिणेस सलीमगड आणि त्याला लागून लाल किल्ला आहे. सलीमगड १५४६ साली सलीमशाह सूर याने नदीच्या पात्रालगत बांधला. पुढे शतकभराने शाहजहानने आपल्या किल्ल्याची पूर्वेकडील भिंत नदीच्या काठावर उभारली. तिच्या झरोक्यातून बादशहा खाली वाळवंटात जमलेल्या प्रजेला दर्शन देत असे. पुढे नदी पूर्वेकडे सरकली आणि मोकळ्या झालेल्या जागेतून आज रिंग रोड जातो. जुलै २०२३ मध्ये पुराचे पाणी हा रस्ता बुडवून किल्ल्याच्या त्या भिंतीला पुन्हा जाऊन भिडले. जुन्या चित्रांत दिसणारी यमुना लोकांनी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिली. नदी आपली जुनी जागा विसरत नाही असे जे म्हटले जाते त्यात गूढ काही नाही. जमिनीचा उतार तोच असतो आणि पाणी उतार शोधते.

पुश्त्याच्या आत

लोखंडी पुलाने पूर्व तीरावर यावे. पूर्व दिल्लीचे पुरापासून रक्षण करण्यासाठी घातलेल्या मातीच्या लांबच लांब बांधाला येथे पुश्ता म्हणतात. पुश्त्याच्या एका अंगाला दाट वस्ती आणि दुसऱ्या अंगाला खादर. बांधावर उभे राहिले म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात आणि मघाचा प्रश्न विचारण्यास याहून चांगली जागा नाही.

लोखंडी पूल आणि आयटीओचा बंधारा यांच्या दरम्यान पूर्व तीरावर दिल्ली विकास प्राधिकरणाने ‘असिता’ नावाचे उद्यान तयार केले आहे. असिता हे यमुनेचेच एक नाव. असिता म्हणजे काळी, कृष्णवर्णा. सप्टेंबर २०२२ मध्ये खुल्या झालेल्या या जागेत गवताळ पट्टे, पाणथळ तळी आणि फिरण्याच्या वाटा आहेत. हरितमार्ग या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारा हा टप्पा असून येथे सायकल निवांत चालविता येते. पाणकणसाच्या बेटांतून टिटवीची हाक येते, उथळ पाण्यात शेकाट्या आपल्या लांब लाल पायांनी फिरत असतो. पलीकडच्या तीरावर दक्षिणेकडे, सराय काले खाँजवळ, बांबूचे ‘बांसेरा’ उद्यान त्याच योजनेतून उभे राहिले आहे. २०२३ च्या पुरात ही दोन्ही उद्याने पाण्याखाली गेली. वृत्तपत्रांनी ती हानी म्हणून नोंदविली. पण गवत आणि तळी यांच्या बाबतीत ती हानी म्हणावी काय, याचा विचार केला पाहिजे. खादरातील गवत बुडते, त्यावर गाळ बसतो आणि हिवाळ्यात ते पुन्हा उगवते. नुकसान होते ते फरसबंदीचे, दिव्यांच्या खांबांचे, शोभेच्या बांधकामाचे. जेवढे बांधकाम अधिक, तेवढी दुरुस्ती अधिक. नदीकाठची वाट तयार करणाऱ्याला यातून एक साधा नियम मिळतो : जे बुडाल्यावर हळहळावे लागेल ते तेथे बांधू नये.

असितापासून दक्षिणेला मयूर विहारपर्यंत व पुढे चिल्ला गावाच्या खादरापर्यंत शेतीच्या खुणा भेटतात. येथील शेतकरी हिवाळ्यात पालक, मुळा, फुलकोबी घेतात आणि वाळूच्या पट्ट्यात कलिंगड, खरबूज, काकडी यांच्या वाड्या लावतात. वाळूत चर खणून त्यांत खत घालावयाचे, थंड वाऱ्याच्या बाजूस गवताचे आडोसे उभे करावयाचे आणि पावसाळ्यापूर्वी पीक काढून मोकळे व्हावयाचे, अशी ही पद्धत आहे. महाराष्ट्रात नदीच्या पात्रातील कलिंगडाच्या वाड्या किंवा धरणाच्या उघड्या पडलेल्या जमिनीवरील गाळपेर ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती ओळखीची वाटेल. या शेतकऱ्याची झोपडी गवताची असते. पाणी चढू लागले की भांडीकुंडी, जनावरे आणि छपराचे बांबू घेऊन कुटुंब पुश्त्यावर येते. जुलै २०२३ मध्ये मयूर विहारनजीकच्या रस्त्यांच्या कडेला अशी कुटुंबे कित्येक दिवस ताडपत्रीखाली राहिली होती.

या शेतीचा प्रश्न सोपा नाही. जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने यमुनेविषयी एक विस्तृत निर्णय दिला. खादरात नवे बांधकाम होऊ नये असे त्यात सांगितले आहे, आणि नदी स्वच्छ होईपर्यंत तेथे खाण्याची पिके घेऊ नयेत असेही सांगितले आहे. नाल्यांतून आलेली विषारी द्रव्ये भाजीपाल्यात उतरतात, हे त्यामागील कारण खरे आहे. ती भाजी शहरच खाते. परंतु नाले शहराचे, विष कारखान्यांचे आणि शेत सोडावयाचे ते या कुटुंबांनी, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो. खादर मोकळा करण्यासाठी झोपड्या हटविण्याच्या कारवाया वेळोवेळी झाल्या आहेत. त्याच खादराच्या बाजूला, पुश्त्यांच्या आश्रयाने, शहराने कायमच्या मोठ्या इमारतीही उभारल्या. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी बांधलेल्या खेळाडूंच्या वसाहतीचे प्रकरण न्यायालयात गेले होते. ती जागा नदीचे पात्रही नाही आणि पूरमैदानही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ठरविले. न्यायनिर्णयाने वाद मिटला. पुश्ता घालून कोरडी केलेली जमीन खादर राहते की बांगर होते, हा अभ्यासाचा प्रश्न मात्र मिटत नाही, कारण अडवलेल्या पाण्याला समोरच्या तीरावर किंवा खालच्या गावात जागा शोधावी लागतेच.

सायकलस्वार ज्या हिरव्या वाटेवरून सुखाने जात असतो तीही अशीच कोणाच्या तरी शेतावरून गेलेली असू शकते. म्हणून ती वाट नको असे अनुमान काढण्याचे कारण नाही. मोकळी राखलेली जमीन वाळूत पाणी मुरविते. शहराच्या उत्तरेला पल्ला येथे खादरातील विहिरींतून दिल्लीला पिण्याचे पाणी मिळते ते अशाच मुरलेल्या पुराचे. ही जमीन एकदा इमारतींखाली गेली की परत मिळत नाही. उद्यानाची वाट तिला निदान इमारतींपासून राखते. परंतु त्या राखणीचे मोल कोणी चुकते केले, हे विसरून ती वाट केवळ शोभेची वस्तू मानू नये. शेतकरी, गुराखी आणि नावाडी यांना या काठाचे राखणदार म्हणून स्थान देता येईल काय, त्यांना खाण्याची पिके सोडून फुले किंवा चारा घेण्यास साह्य करता येईल काय, याचा विचार योजनेतच झाला पाहिजे.

ओखला : जेथे नदी पुन्हा अडते

दुपारचे जेवण एखाद्या झाडाखाली आटोपून दक्षिणेकडे नोएडाची वाट धरावी. वाटेतील पटपडगंजच्या परिसरात ११ सप्टेंबर १८०३ रोजी आणखी एक लढाई झाली. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व फ्रेंच सेनानी बुर्कां याच्याकडे होते आणि समोर जनरल लेकची इंग्रज फौज होती. शिंद्यांची फौज नदी उतरून पूर्व तीरावर आली होती, म्हणजे तिच्या पाठीशी पावसाळी यमुना होती. पराभव झाल्यावर माघारीची वाट त्या पाण्याने अडविली. या लढाईने दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. तिचे स्मारक आता नोएडातील गोल्फच्या मैदानात आहे.

सूर्य कलता झाला असता ओखल्यास पोहोचावे. येथे १८७४ साली आग्रा कालव्यासाठी नदीवर पहिला बांध घालण्यात आला आणि १९८०च्या दशकात त्याच्याजवळ नवा बंधारा झाला. बंधाऱ्यामागे जो विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला त्यावर पक्षी येऊ लागले. १९९० साली उत्तर प्रदेश शासनाने तो पक्षी अभयारण्य म्हणून घोषित केला. येथे तीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. प्रवेशद्वारापाशी सायकल ठेवून बांधावरून पायी गेले तर फेब्रुवारीच्या अखेरीसही थापट्या आणि तलवार बदके, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या पाहावयास मिळतात. हे पक्षी ज्या पाण्यावर उतरतात ते दिवसभर पाहिलेल्या नाल्यांचेच पाणी आहे, हे विसरता येत नाही. बंधाऱ्याच्या खाली कालिंदी कुंजजवळ पाणी उंचावरून पडते आणि साबणासारखी द्रव्ये त्यात असल्यामुळे पांढऱ्या फेसाचे डोंगर तयार होतात. कार्तिकात छठपूजेच्या वेळी त्या फेसात उभ्या असलेल्या स्त्रियांची छायाचित्रे दरवर्षी छापली जातात. एकाच ठिकाणी बंधाऱ्याच्या वर पक्षी आणि खाली फेस, असे हे ओखला आहे.

सहलीनंतर

येथून त्याच वाटेने परतावे, नाही तर सायकल एखाद्या टेम्पोत टाकावी. परतल्यावर वहीतील नोंदींवरून तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात. पहिली, दिवसभरात दिसलेल्या कोणत्या वस्तू पुरात बुडूनही टिकतील आणि कोणत्या टिकणार नाहीत. दुसरी, नदीतील पाणी कोणत्या ठिकाणी बदलले आणि तेथे काय मिळाले. तिसरी, काठावर कोणकोणती माणसे भेटली आणि त्यांचे पोट नदीच्या कोणत्या रूपावर अवलंबून आहे.

हा अभ्यास दिल्लीपुरता मर्यादित नाही. महाराष्ट्रात नदीच्या दोन्ही तीरांवर पूररेषा आखण्याची पद्धत आहे. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पानशेत फुटल्यामुळे १२ जुलै १९६१ रोजी पुण्यात आलेल्या पुराच्या पातळीच्या खुणा तेथे काही जुन्या भिंतींवर आढळतात. आपल्या गावच्या नदीकाठी असलेली अशी एखादी खूण वाचकाने शोधावी, तिच्यापाशी सायकल टेकवून उभे राहावे आणि त्या उंचीवरून चोहोकडे पाहावे. खुणेच्या खाली जे दिसेल ते सारे नदीच्या जागेत आहे. तेथे कोणती घरे आहेत, कोणाची आहेत, आणि पाणी आले तर त्यांनी कोठे जावे असे ठरले आहे, याची चौकशी त्याच दिवशी करावी.